प्रज्ञाची बान्या

त्या दिवशी मोल्डमधून निघणाऱ्या प्रत्येक कव्हरच्या कडेला बर येत होती. केसाएवढी, बोट फिरवलं तरच लागणारी. आमच्या कारखान्यातले कोरियन साहेब ई बुजांगनिम यांनी एक कव्हर उचललं, ट्यूबलाइटखाली धरलं, खिशातलं पेन काढलं आणि लाल टॅगवर दोन चिनी अक्षरं लिहिली. निवृत्तीला आलेले, जुन्या वळणाचे गृहस्थ. हाताखालच्या कोरियन पोरांना वाचता येत नाहीत अशी अक्षरं लिहिण्यात त्यांची थोडी मिजासही असते. मोल्ड चीनमधून आलेला, आणि तो ठीक करायला त्याच्या मागोमाग चिनी कारागीर ली शिफू आलेले. दोघांच्या मध्ये मी, दुभाषी. कोरियन माझ्या पोटापाण्याची भाषा. चिनी वीस वर्षांपूर्वी पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकलेली आणि निम्मीशिम्मी विसरलेली. पण त्या टॅगपुरती माझी गरजच पडली नाही. दोघांनी अक्षरांकडे पाहिलं आणि एकदमच वाचलं.

बुजांगनिम म्हणाले, ‘बुल्ल्यांग.’ ली शिफू म्हणाले, ‘बू-ल्यांग.’

अर्थ एकच, सदोष. दोघांनी माना हलवल्या आणि मोल्डवर वाकले. मी मात्र टॅग हातात धरून उभी. अक्षरं तीच, अर्थ तोच, पण कोरियन तोंडात एक ल जास्तीचा होता. हा आला कुठून?

कोरियन आणि चिनी एकमेकींच्या बहिणी नाहीत, चुलत बहिणीही नाहीत. वाक्याची ठेवण पाहिली तर कोरियन आपल्यालाच जवळची वाटते: क्रियापद शेवटी, नामाला मागून चिकटणारे प्रत्यय. पण शब्दकोश उघडला तर निम्म्याहून अधिक शब्द चिनी मुळाचे. ते अक्षरांच्या पाठीवर बसून आले आणि येताना त्या त्या काळचा चिनी उच्चार बरोबर घेऊन आले. त्यानंतर चीनमधला उच्चार बदलत राहिला, कोरियातला आपल्या वाटेने गेला.

कोरियन शिकताना मी चिनी आकड्यांच्या आधारावर कोरियन आकडे पाठ करत असे. एक, सात, आठ हे चिनीत ई, छी, बा. कोरियनमध्ये इल, छिल, पाल. बाहेर जायच्या दारावरची पाटी चिनीत छू-खोउ, कोरियनमध्ये छुल्गु. तेव्हा वाटायचं, कोरियन लोकांना ल लावायची सवयच असेल, जसं आपल्याकडे काही लोक प्रत्येक वाक्याला ‘ना’ लावतात. मग कधीतरी हाँगकाँगचा एक सिनेमा पाहताना कँटनीजमधले आकडे कानावर पडले: यत्, छत्, बात्. जिथे जिथे कोरियनचा ल, तिथे तिथे कँटनीजचा त्. तांग राजवटीत, म्हणजे ६१८ ते ९०७ या काळात, या अक्षरांच्या शेवटी खुद्द राजधानीतही त् होता. पुढे उत्तर चीनमध्ये तो झिजून नाहीसा झाला, दक्षिणेकडे टिकला, आणि कोरियात ल होऊन बसला. टॅगवरच्या ‘बुल्’मधला ल हा तोच जुना त्.

याचा सगळ्यात देखणा दाखला आपल्याच घरचा आहे. बुद्ध हा शब्द चिनीत एका अक्षरात बसवला गेला. त्या काळी ते अक्षर ‘ब्युत्’च्या आसपास उच्चारलं जाई, आणि शेवटच्या त् वर आपला ‘द्ध’ टेकलेला होता. आज बीजिंगमध्ये तेच अक्षर ‘फो’. सुरुवातीच्या ब चा फ झाला, शेवटचा त् गेला, बुद्ध ओळखू येत नाही. कोरियनमध्ये ते ‘बुल’. ग्यंगजूचं प्रसिद्ध मंदिर बुल्गुक्सा, म्हणजे ‘बुद्धदेशाचं मंदिर’; त्याच्या नावातला ल हा आपला द्ध आहे हे कळलं तेव्हा मी बसमध्ये होते, आणि शेजारच्या बाईंना ते सांगावं की नाही या विचारात माझा स्टॉप चुकला. स्तूपाचंही तसंच. पालीत थूप. त्यावरून आलेलं अक्षर चिनीत नुसतं ‘था’, कोरियनमध्ये ‘थाप’, शेवटचा प ओठ मिटून गिळलेला. देवळाच्या अंगणातल्या दगडी मनोऱ्याकडे बोट दाखवून कुणी ‘थाप’ म्हणालं की मराठी माणसाला दोनदा विचारावंसं वाटतं.

आणि नरक. चिनीत त्या दोन अक्षरांचा उच्चार नाइ-लुओ. कोरियनमध्ये नाराक. अगदी आपलाच. गंमत म्हणजे तो पोथीत अडकून पडलेला नाही. एखाद्या नटाची भानगड बाहेर आली आणि कारकीर्द संपली की कोरियन पोरं समाजमाध्यमांवर लिहितात, तो नाराकला गेला. आमच्या लाइनवरचा एक कोरियन इंजिनिअर हे सतत म्हणतो, टार्गेट चुकलं तरी. हा शब्द आमच्याकडचा आहे असं मी त्याला सांगितलं. त्याला वाटलं मी कारखान्याबद्दल बोलतेय.

यावर पटकन सुचणारा निष्कर्ष असा, की ज्याचं भांडं त्याने रोज वापरून झिजवलं, आणि ज्याने उसनं नेलं त्याने ते जपून ठेवलं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. ते पूर्ण खरं नाही. कोरियन लोकांनी हे शब्द काही माळ्यावर ठेवले नव्हते, तेही रोजच वापरत होते. मुद्दा असा, की कोरियन भाषेला मुळातच शब्दाच्या शेवटी क्, प्, म् असे बंद उच्चार मानवतात. ‘शिकणं’ या अर्थाचं अक्षर चिनीत श्युए झालं, कोरियनमध्ये हाक राहिलं. दहा चिनीत ‘श’वर आले, कोरियनमध्ये शिप. कोरियन मालिका पाहणाऱ्या प्रत्येक घरात ठाऊक असलेल्या ‘गाम्साहाम्निदा’तला ‘गाम्सा’ म्हणजे चिनी ‘गान-श्ये’. तिथला म् चीनने न् करून टाकला. कोरियनला यातलं काही टाकायची गरज पडली नाही, एवढंच. पण मग कोड्यात पाडतो तो त्. कोरियनला शेवटी त् चालतो की! शेताला ते ‘बात्’ म्हणतात. मग चिनी शब्दांतल्या त् चाच ल का व्हावा? कोरियात शब्द पोचले तेव्हा उत्तर चीनमध्येच तो त् सैल होऊन र-ल सारखा वाजत होता, असं काही अभ्यासक मानतात. काही म्हणतात, बदल कोरियातच घडला. भांडण चालू आहे.

या ल ने एका राजालाही छळलं होतं. राजा सेजोंगने १४४३ मध्ये कोरियन लिपी घडवली आणि १४४६ मध्ये जाहीर केली, हे बहुतेकांना माहीत असतं. त्या लिपीच्या पाठोपाठ त्याने आणखी एक काम हाती घेतलं होतं: देशातले चिनी अक्षरांचे बिघडलेले उच्चार दुरुस्त करणं. त्यासाठी ‘दोंगगुक जंगउन’ हा सहा खंडांचा कोश तयार झाला, १४४८ मध्ये तो वाटला गेला. त्याच्या प्रस्तावनेत शिन सुकजू या तरुण पंडिताने तक्रारच मांडली आहे, की शेवटी त् हवा तिथे आपले लोक ल म्हणतात. आता राजा झाला तरी लोकांच्या जिभेतला ल एकदम कसा काढणार? मग तोडगा निघाला. लिहिताना ल लिहायचा, आणि त्याला लागून गळा आवळल्याचं एक चिन्ह जोडायचं. म्हणजे ल म्हणा, पण मध्येच तोडा, म्हणजे थोडं त् सारखं वाटेल. दोन्ही पक्षांना खूश ठेवणारा तोडगा. आपल्याकडच्या कुठल्याही शुद्धलेखन समितीला तो लगेच ओळखीचा वाटेल.

काही दशकांत सगळं मागे पडलं. लोक ल म्हणत राहिले. पुढे १५२७ मध्ये छ्वे सेजिन नावाच्या माणसाने मुलांसाठी ३३६० अक्षरांची एक पोथी केली, ‘हुनमोंग जाहवे’. प्रत्येक अक्षरापुढे अर्थ आणि उच्चार, लोक जसा करतात तसा, ल सकट. छ्वे सेजिन हा पेशाने चिनीचा दुभाषी होता. राजाचा कोश पडून राहिला आणि दुभाष्याची पोथी चालली, याचा मला होणारा आनंद निव्वळ जातभाईचा आहे, हे मी कबूल करते.

बुजांगनिमना मी हे सगळं कँटीनमध्ये सांगितलं. वर तांगकाळातल्या ल्यो झोंगयुआन या कवीचंही उदाहरण दिलं. बर्फात एकट्याच गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यावरची त्याची वीस अक्षरांची कविता चिनी मुलं शाळेत पाठ करतात. तिची यमकाची तीन अक्षरं आजच्या चिनीत जुए, म्ये, श्युए. दोन एका घरची, तिसरं शेजारचं, आणि सूर तिघांचे तीन तऱ्हेचे: एक चढतो, एक पडतो, एक खाली बुडी मारून वर येतो. कोरियनमध्ये वाचली तर जल, म्यल, सल. ठक, ठक, ठक. कवीने ऐकलेलं यमक आज त्याच्या राजधानीत नीट लागत नाही आणि सोलमध्ये लागतं. बुजांगनिम इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या ताटातली किमची माझ्या ताटात वाढली. ‘म्हणजे खरं चिनी आमच्याकडे!’

ली शिफू समोरच जेवत होते, त्यांना सुदैवाने कळलं नाही. कळलं असतं तर त्यांना सांगता आलं असतं, की सूर कुठे ठेवलेत? चिनीत प्रत्येक अक्षराला सूर असतो, आणि आजच्या कोरियनमध्ये ते उरलेले नाहीत. चिनीत ‘स’ खाली पडत्या सुरात म्हटलं तर चार, बुडी मारून वर आणलं तर मरण. दोन्ही शब्द जवळचे, म्हणून चिनी माणूस चाराला बिचकतो, पण कानाला ते वेगळे असतात. कोरियनमध्ये चार म्हणजे ‘सा’ आणि मरण म्हणजेही ‘सा’, काडीचा फरक नाही. मंदिर, इतिहास, काम, विद्वान या अर्थांची अक्षरंही सगळी ‘सा’च. सोलमधल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्टमध्ये तीननंतर इंग्रजी एफचं बटण असतं, त्यावर पाच. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तो एफ म्हणजे फायर समजून जिन्याने गेले होते.

शिवाय बुजांगनिमनंतरच्या पिढीकडे हा ठेवा आहे तो फक्त कानात. १९७० पासून कोरियाने सरकारी कारभारातून आणि शाळेच्या पुस्तकांतून चिनी अक्षरं जवळजवळ हटवली. १९७२ मध्ये शिकवण्यासाठी १८०० अक्षरांची यादी ठरली, पण त्यातली कितीशी कोणाच्या हातात उरली? नाराकवाल्या इंजिनिअरला लाल टॅग दाखवला तर त्याने खांदे उडवले. ‘बुल्ल्यांग’ मात्र तो दिवसातून पन्नासदा म्हणतो. ली शिफूंचं उलटं. अक्षर हातात आहे, १९५०च्या दशकात सोपं केलेलं असलं तरी आहे, पण तांगकाळचा उच्चार त्यांच्या कानावरही कधी पडलेला नाही. एकाकडे आवाज, दुसऱ्याकडे चित्र. आणि अर्थही कधीकधी तिसरीकडेच. बुजांग म्हणजे कारखान्यातला विभागप्रमुख. बुजांगनिमच्या कार्डावरची तीच दोन अक्षरं ली शिफूंनी ‘बू-झांग’ अशी वाचली आणि पाठ ताठ केली. चीनमध्ये बू-झांग म्हणजे केंद्रीय मंत्री.

आता माझं नाव. माझं नाव प्रज्ञा. बुजांगनिमनी पहिल्याच दिवशी अर्थ विचारला होता. मी ‘जिहे’ सांगितलं, शहाणपणासाठी असलेला रोजचा कोरियन शब्द. ते म्हणाले, ‘नाही, नाही, हा शब्द आमच्याकडे जसाच्या तसा आहे.’ त्यांच्या आई देवळात जायच्या. त्यांनी चहाच्या कागदी कपावर दोन अक्षरं काढली आणि वाचून दाखवली: ‘बान्या.’ तेव्हापासून कारखान्यात माझं तेच नाव पडलं. त्या दिवशी तीच अक्षरं मी ली शिफूंना दाखवली. त्यांनी कपाळाला आठी घातली, मग ओळखलं. ‘बोरऽ!’

बान्या आणि बोर. प्रज्ञाला पालीत पञ्ञा म्हणतात, आणि चीनला हा शब्द गेला तो पालीतून किंवा तशाच एखाद्या प्राकृतातून. दुसऱ्या अक्षराचा उच्चार तेव्हा ञ ने सुरू व्हायचा. हो, तोच ञ, जो आपण बाराखडीच्या तक्त्यावर त्रयस्थ नजरेने पाहतो आणि ज्याच्यासाठी फळ किंवा पक्षी तक्ता करणाऱ्याला कधी सापडत नाही. त्याच्या चित्राच्या जागी आमच्या शाळेत नुसता चौकोन होता. चीनमध्ये ञ ने सुरू होणारे शब्द असंख्य होते: माणूस, सूर्य, मांस, ऊन. उत्तरेत त्यातल्या बहुतेक ञ चा पुढे जीभ वळवून म्हणायचा र झाला. कोरियात तो विरघळून नाहीसाच झाला, पण बान्या या शब्दात आधीच्या अक्षरातला न् त्याच्या मागे उभा होता, त्यामुळे ञ पुन्हा जिवंत झाल्यासारखा ऐकू येतो. योगायोगच, पण मला तो लागू पडला.

घरी हे सांगितलं तर आई म्हणाली, ‘बरं झालं. निदान ते दिल्लीवाल्यांसारखं प्रग्या तर म्हणत नाहीत.’ आमच्या घरात हा जुना राग आहे. हेड ऑफिसचा फोन आला की मी प्रग्याजी असते आणि आई पलीकडून पुटपुटते, प्रद्न्या, प्रद्न्या. पण ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. त्यात द कुठून आला? आईला विचारलं तर म्हणाली, तो आधीपासूनच आहे. बंगळुरूचा आमचा व्हेंडर प्रग्ञा म्हणतो. एकच अक्षर, आणि भारतभर प्रत्येकाने आपल्या जिभेला झेपेल तसं सोडवलेलं. त्यातल्या त्यात मूळ ञ ची सावली आमच्यापेक्षा पञ्ञा म्हणणाऱ्या पालीत जास्त, आणि कागदी कपावरच्या बान्यातही. सेजोंग राजा आमच्या घरात जन्मला असता तर त्याने आईची बाजू घेतली असती की माझी, हे सांगता येत नाही.

शाळेत शिकलेला चिनी भिक्षू ह्युएन त्संग आठवतो ना, बांबूची सामानपेटी पाठीवर घेतलेला? चिनीत श्वेन-झांग, कोरियनमध्ये ह्यन-जांग. आमच्या इतिहासाच्या पुस्तकातला ह कोरियन उच्चाराशी जुळतो, हा दुसरा योगायोग. ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात महाराष्ट्राचं नाव चार अक्षरांत आहे. आजच्या चिनीत ती वाचायची ‘मो-ह-ला-छा’. आपल्या महाचा तिथे मोह झालाय. बुजांगनिमना मी ती चार अक्षरं लिहून दिली, कशाची आहेत ते न सांगता. ते चष्मा वर करून एकेक वाचत गेले: मा, हा, राल, छा. तिसऱ्या अक्षराच्या शेवटी पुन्हा तो ल, म्हणजे मुळातला त्. आणि चौथं तेव्हा ‘ठा’च्या जवळपास उच्चारलं जाई. लावून पाहा: महा-लट्-ठा. प्राकृतातला आपला महारट्ठ, ट्ठ च्या जोडाक्षरासकट. त्या भिक्षूने रस्त्यावर ऐकलेलं नाव अक्षरांत किती नेमकं पकडलं होतं, हे कळायला मला चीनमधून नाही, एका कोरियन माणसाच्या तोंडून जावं लागलं.

नावांचा मात्र कोरियाने एक चमत्कारिक नियम केला आहे. चिनी माणसाचं नाव कोरियनमध्ये कसं लिहायचं? १९११च्या क्रांतीच्या आधीचा असेल तर कोरियन उच्चाराने, नंतरचा असेल तर चिनी उच्चाराने. म्हणून कन्फ्यूशियस कोरियात गोंगजा, पण माओ आता माओ; जुनी माणसं त्याला अजून मो थेकदोंग म्हणतात. आणि सोल? सोल हा अस्सल कोरियन शब्द, त्याला चिनी अक्षरंच नाहीत. चीनमधले लोक शहराला जुन्याच नावाने हानछंग म्हणत. २००५ मध्ये सोलच्या महापालिकेने शेवटी दोन अक्षरं निवडून जाहीर केली, चिनी तोंडात ‘शोउ-अर’ वाजतील अशी. चीनने ती घेतली. पण तीच अक्षरं कोरियन माणसाने आपल्या पद्धतीने वाचली तर होतात ‘सुई’. आपल्याच राजधानीचं नाव आपल्याच लोकांना वाचता येऊ नये असं बहुधा हे एकमेव उदाहरण.

संध्याकाळी मोल्डचा एक भाग वेल्डिंगसाठी बाहेर पाठवायचा ठरला. गेटपासवर देणाऱ्याचं नाव, नेणाऱ्याचं नाव. गेटवरचे गार्डकाका लातूरकडचे, रजिस्टर मराठीत लिहितात. त्यांनी पेन वर करून पाहिलं.

‘ई,’ बुजांगनिम म्हणाले.

‘ई काय? पूर्ण सांगा सर, हे इनिशियल झालं.’

मी सांगितलं, काका, आडनावच तेवढं आहे. दक्षिण कोरियात शब्दाच्या सुरुवातीचा र-ल, पुढे ई आली की, गळतो. उत्तरेत तो अजून म्हणतात आणि तिथे हेच आडनाव री होतं. हे सगळं अर्थात मी त्यांना सांगितलं नाही. तेवढ्यात बुजांगनिमनी मदत म्हणून पेन घेतलं आणि रकान्यात अक्षर काढलं: वर झाड, खाली मूल. ली शिफूंनी ते पाहिलं, पेन मागून घेतलं आणि शेजारच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. वर झाड, खाली मूल.

काकांनी रजिस्टर डोळ्यांजवळ नेलं, एकदा हे पाहिलं, एकदा ते. ‘हे तर सेम आहे. भाऊ-भाऊ का, ताई?’

मी ते आधी कोरियनमध्ये सांगितलं, मग जमेल तशा चिनीत. दोघंही हसले आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहून मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी ते मला नक्की कळलं नाही. काकांनी दोन्ही अक्षरांखाली सुवाच्य मराठीत ‘ली’ लिहिलं आणि शिक्का मारला. बुजांगनिमनी काय लिहिलंय म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पासपोर्टवरही तेच आहे.